वीकएण्ड फंडा : किती ग्रॅमचा समुद्र?

गाव यवतमाळ आणि नोकरी पुण्या-मुंबईत, हे कॉम्बिनेशन आपल्या ऑफिसांमध्ये काही कमी नाही. वणी, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड... लिफ्टमध्ये कुणाचं तरी ‘काय बे?’ कानावर पडतंच. यातल्या ज्यांना लहानपणी गळ टाकायचा नाद होता, त्यांचं सामान ठरलेलं. बांबूची काडी, चार हात तंगूस, मोराच्या पिसाचा तरंगा, गांडूळ आणि गळाच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं. पूस, अरुणावती किंवा बेंबळाच्या काठावर तेवढ्यात काम व्हायचं.

आता पगार सुरू झालाय. ऑनलाइन बारा फुटी रॉड आलाय, चकचकीत रील आलंय आणि शनिवार-रविवार दापोली नाही तर अलिबाग बुक झालंय. पहिलाच थ्रो जेमतेम वीस पावलांवर पडतो आणि दोन मिनिटांत लाट शिसं परत पायाशी आणून टाकते. मग आपला हिरो काय करतो? डबल वजन बांधतो! गडबड इथेच सुरू होते.

बीचवर शिसं किती लावायचं, याचं उत्तर एका ओळीत मावतं. जागेवर थांबेल इतकं, पण रॉड आणि तंगूस झेपवतील त्याच्या आतलं. खालची मर्यादा समुद्र ठरवतो आणि तो ती तासातासाला बदलतो. वरची मर्यादा तुमच्या रॉडवरच छापलेली असते आणि ती अजिबात बदलत नाही. सगळा खेळ या दोन आकड्यांमधला.

धरणातलं शिसं, समुद्रातलं शिसं

धरणाचं पाणी उभं असतं. तिथे शिशाचं काम फक्त तरंगा सरळ ठेवायचं आणि आमिष खाली न्यायचं. समुद्रावर त्याला दोन ड्युट्या लागतात. आधी आमिष वाऱ्यातून लांब न्यायचं आणि मग लाटांच्या ओढीत ते एका जागी धरून ठेवायचं.

पण शिसंच का, दगड का नाही? कारण साधं आहे. एक घन सेंटिमीटर शिसं भरतं ११.३ ग्रॅम, लोखंड ८ च्या आत आणि आपला काळा पाषाण साधारण ३. पाण्यात गेल्यावर प्रत्येक वस्तू आपल्या आकाराएवढ्या पाण्याचं वजन गमावते. म्हणून १०० ग्रॅमचं शिसं पाण्याखालीही ९१ ग्रॅमच्या आसपास राहतं, तर १०० ग्रॅमचा दगड ६५ वर येतो. शिवाय शिशाचा गोळा छोटा, त्यामुळे हवेत अडत नाही.

ही अक्कल काही इम्पोर्टेड नाही. वर्धा-पैनगंगेवर जाळं फेकणाऱ्या भोई-ढिवरांच्या जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात, कोकणातल्या पागालाही असतात. फेकलं की जाळं गोल उघडावं आणि मासा निसटायच्या आत काठ तळाला टेकावा, एवढंच वजन. त्याहून जड केलं तर दिवसभर फेकणार कोण?

आधी वरची मर्यादा बघा

रॉडच्या मुठीजवळ बारीक अक्षरांत ग्रॅम किंवा औंस लिहिलेले असतात. समजा, ५० ते १२० ग्रॅम. यातला १२० हा आकडा शिसं अधिक आमिष असा आहे. बांगड्याचा तुकडा किंवा दोन कोळंब्या लावल्या की २०-२५ ग्रॅम तिथेच गेले. म्हणजे शिसं १०० च्या आत. नवीन असाल तर ९० वरच थांबा, कारण नवखा हात झटका जास्त देतो.

दुसरी गोष्ट तंगूस. फेकण्याच्या क्षणी त्याच्यावर शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. म्हणून बीचवर फेकणारे पुढच्या टोकाला जाड तंगुसाचा तुकडा जोडतात. दुकानात त्याला शॉक लीडर म्हणतात. हिशेब सोपा आहे : शिशाच्या दर औंसाला १० पौंड ताकद. औंस म्हणजे २८ ग्रॅम. तेव्हा ४ औंसाच्या, म्हणजे ११३ ग्रॅमच्या शिशाला ४० पौंडी, म्हणजे १८ किलोचा लीडर हवा. लांबी रॉडच्या दुप्पट, वर रीलवर पाच-सहा वेढे. बारा फुटी रॉडला आठ-नऊ मीटर.

हे का इतकं ठासून सांगतोय? कारण फेकताना तंगूस तुटला की पाऊणशे-शंभर ग्रॅमची धातूची गोळी मोकळी सुटते. ती कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं. वीकएण्डला बीचवर पोरं किल्ले बांधत असतात, आजी-आजोबा पाय भिजवत असतात, कुणी क्रिकेट खेळत असतं. अशी गोळी डोक्यात बसली तर विषय सॉरीवर मिटत नाही. तेव्हा गर्दीपासून लांब, बीचच्या टोकाला जा. फेकण्याआधी मागे वळून बघा आणि मोठ्याने सांगा, ‘टाकतोय!’

मग समुद्राचं ऐका

आता खालची मर्यादा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ चौपट होते. म्हणून सकाळी ६० ग्रॅमवर मस्त थांबलेलं शिसं दोन तासांनी चालायला लागतं. त्यात चूक कुणाचीच नसते, भरतीने फक्त गिअर बदललेला असतो.

भरती साधारण सहा तास चढते. पहिल्या तासात पाणी हळूहळू सरकतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढण्यापैकी निम्मं पाणी आत येतं, शेवटी पुन्हा सुस्ती. ओहोटीचंही तसंच. म्हणजे मधल्या दोन तासांसाठी पिशवीत एक साइज जड शिसं हवं आणि पाणी मंदावलं की परत हलक्यावर यायचं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जोरात धावतं, भांगाला सगळंच सौम्य. भरतीची वेळ काढायचा कोकणातला तोंडी हिशेब तर कमाल आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. अर्धा-पाऊण तास मागे-पुढे होतो, नेमकी वेळ मोबाइलवर मिळते. पण नवख्यांसाठी यात एक लॉटरी लपलीय. अष्टमीच्या आसपासचा वीकएण्ड निवडला तर ओढ कमी आणि भरती पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमारास. डोक्यावर ऊन नाही आणि ६०-८० ग्रॅमवर भागतं!

पावसाळ्याचं मात्र नावच काढू नका. जून ते ऑगस्टच्या खवळलेल्या समुद्रावर योग्य वजन नावाची गोष्टच नसते.

ग्रॅमच्या आधी आकार

दुकानात गेल्यावर नुसतं ‘शंभर ग्रॅमचं द्या’ म्हणू नका. शंभर ग्रॅमचे चार तुकडे चार तऱ्हांनी वागतात.

गोल गोळा वाळूवर घरंगळतो. पाणी शांत असेल आणि आमिष हळूहळू फिरवून मासा शोधायचा असेल तर उत्तम, एका जागी थांबायचं असेल तर बेकार. लांबट, टॉर्पेडोसारखा तुकडा हवा कापतो आणि सगळ्यात लांब जातो, पण तळावर त्याची पकड बेताचीच. पिरॅमिडच्या कडा वाळूत रुततात. साध्या लाटांच्या वाळूच्या किनाऱ्यावर नवख्याने डोळे मिटून हाच घ्यावा. चौथा प्रकार तारांच्या पायांचा. शिशातून चार तारा बाहेर आलेल्या असतात, त्या नांगरासारख्या वाळूत शिरतात आणि जोरात ओढलं की मागे दुमडून सुटतात. असं ९० ग्रॅमचं शिसं धावत्या पाण्यात १५० ग्रॅमच्या साध्या गोळ्यापेक्षा घट्ट बसू शकतं. म्हणजे रॉडला त्रास न देता पकड वाढली.

खडकाळ तळावर मात्र शिसं अडकणार हे गृहीत धरा. तिथे ते कमी ताकदीच्या तंगुसाच्या तुकड्याने बांधायचं. अडकलं तर तो तुकडा तुटतो, शिसं जातं, पण गळ आणि मासा हातात राहतो. अशा जागी महागडं शिसं कशाला? जुना नट किंवा गाडीचा स्पार्क प्लगही चालतो.

सरकतंय? थांबा, जड लावू नका

शिसं चालायला लागलं की हा क्रम लक्षात ठेवा. एक : पाणी ज्या बाजूने येतंय तिकडे तिरकं फेका आणि तंगूस थोडा ढिला सोडा. त्याची कमान झाली की शिशावरची ओढ खालच्या खाली राहते आणि ते रुततं. दोन : आकार बदला. तीन : पुढच्या वेळी बारीक तंगूस भरून या. जाड तंगूस पाण्यात जास्त ओढला जातो, तेव्हा पुढे जाड लीडर आणि मागे बारीक तंगूस हीच जोडी बरी. चार : या सगळ्यानंतर ग्रॅम वाढवा, तेही रॉडच्या आकड्याच्या आत.

आणि तरीही थांबत नसेल तर? जागा बदला किंवा दोन तास थांबा. लांब फेकलं म्हणजे जास्त मासा, असंही काही नाही. मुडदुशीसारखा वाळूतला मासा काठापासून फार लांब नसतो. शंभर मीटरचा थ्रो फोटोत छान दिसतो, कढईत नाही.

शिसं म्हणजे विषसुद्धा

शिशाची कितीही कमी मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सगळ्यात जास्त. तेव्हा धरणावरची ती सवय, शिशाचा मणी दाताने चावून तंगुसावर बसवायची, आता बंद. पक्कड वापरा. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच वडापाव. जुन्या बॅटरीतलं शिसं घरच्या गॅसवर वितळवून ‘होममेड’ वजनं बनवायचा उद्योग तर बिलकूल नको. ब्रिटनमध्ये हंस शिसं गिळून मरायला लागले, म्हणून १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतची छोटी शिशाची वजनं बंद आहेत. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल, तुटलेलं शिसं दिसलं तर उचलून आणायला कोण अडवतंय?

प्रॅक्टिस वावरात

यवतमाळकरांना एक अ‍ॅडव्हान्टेज आहे, जो मुंबईकराकडे नाही : मोकळं वावर! दिवाळीला घरी गेलात की सोयाबीन निघालेल्या रानात रॉड काढा. गळ बांधायचा नाही, फक्त लीडर आणि ६० ग्रॅमचा तुकडा. समोर दीडशे मीटर माणूस-जनावर नाही याची खात्री करा आणि फेका. साठ जमलं की ऐंशी, मग नव्वद. कोणत्या वजनाला रॉड छान वाकतो आणि कुठे तो आचके द्यायला लागतो, हे हाताला आपोआप कळतं. धरणावर करायचं असेल तर आधी विचारा, जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असते.

पहिल्या ट्रिपसाठी खरेदी छोटीच : ६० ग्रॅमचे दोन टॉर्पेडो, ८० ग्रॅमचे दोन पिरॅमिड, ९० ग्रॅमचे दोन तारवाले, एक लीडर आणि एक पक्कड. यातलं काहीच थांबलं नाही तर रॉड गुंडाळा आणि जवळच्या खानावळीत मासळीची थाळी मागवा. तेवढ्या वेळात मधले दोन तास निघून जातात, पाणी मंदावतं आणि त्याच पिशवीतलं ८० ग्रॅमचं पिरॅमिड मुकाट्याने जागेवर बसतं. गावाकडच्या मित्राने ‘दोनशे ग्रॅमचं बांध ना बे!’ म्हटलं, तर त्याला रॉडवरची बारीक अक्षरं वाचून दाखवा.