भाववाढ आणि सरकारी रोखे : उसाचा पैसा केव्हा गुंतवावा?

गळीत सुरू होऊन उसाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाला, की पणदऱ्याच्या पाटाखालील बागाइतदारांत एक प्रश्न हमखास निघतो. महागाई घरातला पैसा कुरतडते. तर मग भाववाढीबरोबर वाढणारे सरकारी रोखे घ्यावेत काय, आणि घ्यावयाचे तर केव्हा? प्रश्नाचा पूर्वार्ध रास्त आहे. उत्तरार्धाविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आहे, असे आमचे मत आहे.

महागाईशी खरोखर बांधलेले बचत रोखे सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये काढले होते. मुदत १० वर्षांची. ग्राहक किंमत निर्देशांकात होईल तितकी वाढ, आणि शिवाय दरसाल दीड टक्का, असे व्याज. त्यापूर्वीच्या महिन्यात महागाई ११ टक्क्यांवर गेली होती, म्हणून योजना आकर्षक दिसली. वर्षभरात तीच महागाई ५ टक्क्यांखाली उतरली. केवळ मोठा आकडा पाहून रोखे घेणारा हिरमुसला असेल. वस्तुतः महागाईवर दीड टक्का हा करार तसाच कायम होता. विक्री मार्च २०१४ अखेर संपली. पुढे २०२२ साली महागाई पुन्हा चढली, तेव्हा असा रोखा कोणास हवा असता तरी मिळण्याजोगा नव्हता.

२०२० साली निघाले ते बदलत्या व्याजाचे रोखे. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दराहून ०.३५ टक्का अधिक असे त्यांचे व्याज, १ जानेवारीस व १ जुलैस नव्याने ठरते, आणि ते जुन्या-नव्या सर्व रोख्यांस सारखेच लागते. सबब जूनमध्ये घ्यावेत की जुलैपर्यंत थांबावे, हा खल व्यर्थ होय. मात्र हे रोखे महागाईशी बांधलेले नव्हेत. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्के असता यांचे व्याज ७.१५ टक्केच होते, ८.०५ टक्के झाले ते जुलै २०२३ मध्ये. शेतीच्या उत्पन्नास असलेली आयकराची माफीही या व्याजास नाही.

तेव्हा मुहूर्त पाहावयाचा तो दराचा नव्हे, पिकाचा. आडसाली ऊस लावला, की १६ ते १८ महिने त्या रानातून पैसा येत नाही. रोख्यांत घातलेली रक्कम तर ७ वर्षे अडकते; मुदतीपूर्वी मोडण्याची सवलत साठी उलटलेल्यांनाच, आणि तीही काही वर्षे लोटल्यावर. घरातली पाटली अडीअडचणीस गहाण ठेवता येते. या रोख्यांच्या तारणावर बँक कर्ज देत नाही. सोसायटीचे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणारास बिनव्याजी पडते. ती सवलत दवडून आठ टक्के मिळविण्याची धडपड करणे, हा हिशेब आम्हांस तरी उमगत नाही. कर्ज फिटले, पुढल्या लागणीचे बेणे, खत व मजुरी बाजूस पडली, घरातील आजारपण व कार्य यांची तजवीज झाली, की उरेल त्यातला काही भाग रोख्यांत घालावा. आमच्या भागात असा पैसा बहुधा दिवाळीच्या सुमारास मिळणाऱ्या शेवटच्या बिलातूनच निघतो. ज्या वडीलधाऱ्यांनी जमीन मुलांच्या हाती दिली आहे, त्यांस सहामाही व्याजाचा आधार अधिक उपयोगी पडेल.

आमची सरकारकडे मागणी एवढीच आहे की, २०१३ सालच्या धर्तीचे रोखे पुन्हा काढावेत, आणि त्यांची विक्री तीन महिन्यांत न गुंडाळता बारमाही खुली ठेवावी.