पडद्यावरचे चित्र आणि आपला आवाज

शिकविणे म्हणजे पुष्कळ अंशी दाखविणे होय. परगावी राहणाऱ्या वडिलांना विजेचे देयक संगणकावरून कसे भरावे हे फोनवर समजाविताना मुलांची कशी तारांबळ उडते, हे घरोघरी ठाऊक आहे. मुलाने वरच्या कोपऱ्यात पाहावयास सांगावे आणि वडिलांनी खालच्या कोपऱ्यात शोधीत बसावे! यावर एक सुलभ उपाय आहे. आपल्या संगणकाच्या पडद्यावर जे घडते, ते आपल्या बोलण्यासह चित्रफितीत उतरवून त्यांस धाडावे. चित्रफीत थांबविता येते, मागे नेता येते. आणि तेच तेच पुन्हा विचारण्याचा संकोच वडीलधाऱ्यांस उरत नाही.

या साधनाचे सामर्थ्य सलमान खान या अमेरिकी शिक्षकाने जगास दाखविले. २००४ साली तो दूरच्या शहरातील, नात्यातल्या एका मुलीस गणित शिकवू लागला. २००६ पासून त्याने आपले पाठ यूट्यूबवर ठेविले. त्यांत त्याचा चेहरा दिसत नसे. काळ्या पाटीवर उमटणारी अक्षरे आणि शांत, आपुलकीचा आवाज, एवढेच भांडवल!

विंडोज ११ मधील ‘स्निपिंग टूल’ने किंवा ‘ओबीएस स्टुडिओ’ या विनामूल्य साधनाने हे काम साधते. मात्र आवाज दोन असतात, हे ध्यानी असावे: एक आपल्या मायक्रोफोनचा, दुसरा संगणकातून निघणारा. दोन्ही निरनिराळे चालू-बंद करता येतात; म्हणून आधी पंधरा सेकंदांची चाचणी घेऊन ती ऐकावी. अर्ध्या तासाची मूक चित्रफीत कोणाच्याही उपयोगाची नसते. जेथे वीज वारंवार जाते, तेथे ओबीएसमध्ये ‘एमकेव्ही’ हा प्रकार निवडावा. काम मध्येच तुटले तरी तोवरचा भाग बहुधा हाती राहतो. साधी ‘एमपी४’ फाईल अशा वेळी निकामी होण्याचा संभव असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पडदा टिपणारे यंत्र विवेक जाणत नाही. खात्याचा क्रमांक, कोपऱ्यात अकस्मात उमटलेला एखाद्याचा खाजगी निरोप, सारे ते निमूटपणे नोंदवून घेते. म्हणून आरंभी इतर खिडक्या व सूचना बंद कराव्या, आणि धाडण्यापूर्वी चित्रफीत अथपासून इतिपर्यंत पाहावी. दुसऱ्याचे बोलणे नोंदवायचे, तर आधी त्याची अनुमती घ्यावी.

यूट्यूबवर ठेवताना ‘पब्लिक’ म्हणजे चव्हाटा. ‘अनलिस्टेड’ चित्रफीत शोधून सापडत नाही, परंतु दुवा ज्याच्या हाती पडेल तो ती पाहू शकतो. ‘प्रायव्हेट’ ही केवळ निमंत्रितांसाठी असते. घरगुती गोष्टींस हीच बरी. एकदा दुसऱ्याने उतरवून घेतलेली चित्रफीत परत मागता येत नाही. सुटलेला शब्द आणि ती, दोघींची गत एकच.