परवाना हाती आल्यानंतर

खाजगी वैमानिकाचा परवाना मिळाला की घरी पेढे वाटले जातात, आणि त्यात वावगे काही नाही. भारतीय नियमांप्रमाणे या परवान्यासाठी किमान ४० तास उड्डाण करावे लागते; त्यांतील निदान २० तास एकट्याने. चाळीस तास म्हणजे कारकुनाचा कचेरीतील सुमारे एक आठवडा. कचेरीत एक आठवडा काढलेल्या उमेदवाराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या कोणी देत नाही. आकाशाच्या मात्र दिल्या जातात.

रात्री उडण्यासाठी आणि केवळ उपकरणांवर विसंबून ढगांतून उडण्यासाठी वेगळी अर्हता लागते, हे खरे. परंतु नव्या वैमानिकाने ढगात शिरू नये असे नियम सांगतो. ढगाने वैमानिकाकडे येऊ नये असे त्याला सांगता येत नाही.

पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुका याची साक्ष देतो. २४ ऑगस्ट २०२४ रोजी पौडजवळ मुंबईहून हैदराबादकडे निघालेले हेलिकॉप्टर कोसळले. सुदैवाने चौघेही वाचले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरच्या सकाळी, धुके असताना, बावधन बुद्रुक येथे दुसरे हेलिकॉप्टर पडले आणि तिघांचा अंत झाला. ही दोन्ही उड्डाणे व्यावसायिकांच्या हाती होती. या अपघातांतील दोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. तथापि या डोंगरांत कसलेल्या माणसांवरही असा प्रसंग येतो, तेथे चाळीस तासांच्या पुंजीवर निघालेल्याने काय समजावे?

मोह तर मुळशीचाच अधिक. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, त्याचा जलाशय वरून पाहण्याची इच्छा कोणास होणार नाही? पण तेथील हवेचे गणित वर्गात पुरते कळत नाही. पश्चिमेचा वारा कोकणाच्या बाजूने सह्याद्रीवर आदळून वर चढतो आणि माथा ओलांडताच मुळशीच्या अंगाला खाली कोसळतो. त्या उतरत्या झोतात सापडलेले लहान विमान, इंजिन पूर्ण जोरात असूनही, उंची गमावू शकते. दुपारच्या उन्हात हवा विरळ झाली की त्याची चढण्याची शक्ती आणखी घटते. म्हणूनच डोंगराची धार समोरून न गाठता तिरकी गाठावी, म्हणजे माघारी वळण्यास वाव राहतो, असे जाणते शिक्षक सांगतात. हा धडा परवान्याच्या परीक्षेत सहसा येत नाही.

ढगाचा धोका याहून कपटी. वळण एकसारखे चालू राहिले की कानातील समतोल सांभाळणाऱ्या नलिकांतील द्रव त्यांच्याबरोबरच फिरू लागतो आणि विमान सरळ जात असल्याचा भास होतो. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना कृत्रिम रीतीने बाहेरचे दृश्य बंद करून उडावयास लावले. वीसही जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत.

जे. आर. डी. टाटांना भारतातील पहिल्या क्रमांकाचा परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी कराची–मुंबई उड्डाण पुन्हा केले. मधली त्रेपन्न वर्षे केवळ परवान्याच्या कागदाने सांभाळली नव्हती.

अमेरिकेत खाजगी वैमानिकास दर दोन वर्षांनी शिक्षकाबरोबर किमान एक तास जमिनीवर व एक तास हवेत उजळणी करावी लागते. आपल्याकडील उड्डाण संस्थांनी नव्या परवानाधारकांसाठी ही मुदत स्वखुशीने सहा महिन्यांवर आणावी, आणि पहिली डोंगरी फेरी शिक्षकाला शेजारी बसवूनच व्हावी. खर्च वाढेल, विमानाचा तास महाग असतो आणि शिक्षकही फुकट येत नाही. एक सुधारणा मात्र बिनखर्चाची आहे. वैमानिकाच्या नोंदवहीत केलेल्या उड्डाणांचेच तास चढतात. हवा पाहून जे उड्डाण रद्द केले, त्याची तारीख आणि कारण लिहिण्यासाठी संस्थेत एक वेगळी वही ठेवावी, आणि महिन्यातून एकदा नव्याजुन्यांनी ती एकत्र बसून वाचावी.