पत्र्यास भोंक पाडण्याविषयीं

पत्र्यास भोंक पाडणें ही कांहीं लिहिण्याजोगी गोष्ट आहे काय, असें कित्येक पालकांस वाटेल. आम्हांस ती तशी वाटते, व आमच्या डाव्या अंगठ्यावरील वण त्यास साक्ष आहे. विद्यार्थिदशेंत आम्ही पातळ पत्रा हातानें धरून त्यास साध्या पिळाच्या ड्रिलनें मोठें भोंक पाडावयास गेलों. ड्रिल पलीकडे निघतांच पत्रा उचलला गेला, गरकन् फिरला. पुढें काय झालें तें सांगावयास नकोच.

दोष ड्रिलचा नव्हे. स्टीफन मॉर्स यांनीं 1863 सालीं अमेरिकेंत ज्याचें पेटंट घेतलें, तें पिळाचें ड्रिल जाड लोखंडांत उत्तम चालतें. पातळ पत्र्यांत मात्र टोंक पार होतें, तरी धारा पुऱ्या शिरलेल्या नसतात. मग ड्रिल डगमगतें, भोंक तिकोनी होतें आणि धारा पत्र्यास पकडून वर ओढतात.

पायऱ्यांच्या ड्रिलची गोष्ट निराळी. शंकूवर 4, 6, 8 असें करीत 20 मिलिमीटरपर्यंत पायऱ्या असतात. प्रत्येक पायरी थोडाच धातु कापते व आधींचें वाटोळें भोंक तिला सरळ ठेवतें. पत्रा मात्र पायरीच्या उंचीहून पातळ हवा. वेग मंद, तेलाचा थेंब, पत्रा घट्ट आवळलेला, डोळ्यांवर चष्मा; हातमोजे नकोत, ते फिरत्या ड्रिलमध्यें गुंततात. खालच्या लांकडास पोकळी असावी, कारण शंकूचें टोंक बरेंच खालीं उतरतें.

हें हत्यार महाग, मुलांनीं कानस चालवावी, असें कोणी म्हणतील. कानशीचा सराव आम्हीही टाकाऊ मानीत नाहीं. परंतु नऊ मापांचें काम करणारें एक हत्यार महाग कसें, हें आम्हांस उमगत नाहीं.

आमची खरी तक्रार गुण देण्याच्या रीतीविषयीं आहे. दर्शनी बाजू पाहून गुण दिले जातात, आणि पाठीमागें उभी राहिलेली धारदार किनार तशीच राहते. विजेच्या पेटीच्या भोंकांतून तार जाते तेव्हां हीच किनार तारेचें आवरण हळूहळू कापते, व एके दिवशीं सगळी पेटी विजेनें भारली जाते. म्हणून पत्रा उलटून कापसाचा बोळा कडेवरून फिरवावा. कापूस अडकला, तर गुण न देतां काम परत करावें. त्या भोंकांत रबरी कडें बसविल्याशिवाय तार ओवूं देऊं नये, मग तास संपून घंटा झाली तरी.