कोळीवाडा नसलेला समुद्र



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या सात घरांनी मिळून केलेल्या कोकण सहलीचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पंढरपूर, कऱ्हाड, कुंभार्ली घाट, चिपळूण करत दापोली गाठली आणि हर्णैजवळ एका शाकाहारी घरी तीन रात्री राहिलो. घरच्या वहिनींनी कांदा-लसूण-बटाटा न घालता सगळं केलं. कुळथाचं पिठलं, घावणे, नारळाचा रस, लसणाशिवाय सोलकढी. संध्याकाळचं पान सव्वापाचला वाढायच्या, म्हणजे आमचं जेवण उरकून सूर्यास्त बघायला वेळ मिळावा. अशी सोय आपल्या नातेवाइकांकडेसुद्धा होत नाही!

आता पुढच्या वर्षीची चर्चा सुरू झाली आहे. मोबाइलवरच्या गटात एकीने लिहिलं, "या वेळी कोळीवाडा नसलेला बीच बघा, वासाने घास उतरत नव्हता." त्याला सतरा अंगठे आले. माझा त्यात नाही. का नाही, ते तिथे चार ओळींत मावलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

फोटोत न आलेली एक गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अंगणात एका कोळीणबाईने मासळी वाळत घातली होती. आपल्यातल्या दोघी गेल्या आणि "आम्ही जैन आहोत, हे जरा उचला" असं म्हणाल्या. त्या बाई काही बोलल्या नाहीत. अर्धवट सुकलेला माल टोपल्यांत भरून मागे घेऊन गेल्या. सकाळचं ऊन वाया गेलं म्हणजे त्यांचं काय नुकसान झालं, हे आम्ही विचारलं नाही. मीही ओट्यावर उभी होते. मीही गप्प बसले.

मासे मारण्यात हिंसा नाही असं मी म्हणत नाही. कुणी तसा अर्थ काढू नये. आपल्या शास्त्राप्रमाणे ती संकल्पी हिंसा आहे आणि त्यात मी पळवाट शोधणार नाही. पण व्रत मी घेतलं आहे, ते माझ्या ताटापुरतं. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन, त्याच्याच गावात, त्याला हुकूम सोडण्याचा अधिकार त्या व्रताने मला कधी दिला?

मृगसेन धीवराची कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. नदीवर जाळं टाकायला निघालेल्या धीवराला मुनी भेटले. त्यांनी नाकाला पदर लावला नाही (मुनींना पदर कुठला म्हणा), दूर हो म्हटलं नाही. जाळ्यात येईल तो पहिला मासा सोडून दे, एवढंच व्रत त्याला दिलं. त्याला झेपेल तेवढं. त्या दिवशी तोच मासा पाच वेळा आला आणि त्याने पाचही वेळा सोडला. घरी रिकाम्या हाताने गेला तर बायकोने दार लावून घेतलं. सोमदेवसूरींच्या यशस्तिलकात ही कथा आहे, आणि त्या ग्रंथावरचा हंदिकींचा मोठा अभ्यास १९४९ मध्ये आपल्याच सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने छापला. म्हणजे कथा आपल्या गावाला नवी नाही. आपण तिच्यातल्या मुनींऐवजी दार लावणाऱ्या बाईची बाजू घेतो आहोत, एवढंच.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे नावे आणि जमा दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या नातवंडांनी बादलीभर शंख-शिंपले गोळा केले. कित्येकांत जीव होते. शंख, शिंपला हे द्वींद्रिय जीव, हे आपल्या मुलांना तोंडपाठ असतं. परीक्षेत मार्कही मिळतात. ती बादली परतीच्या गाडीत मागच्या सीटखाली राहिली आणि कऱ्हाडच्या अलीकडेच असा वास सुटला की काचा उघडाव्या लागल्या. तो वास कोळीवाड्याचा नव्हता, आपला होता. त्यावर मात्र गटात एक अक्षर नाही.

आणखी लिहू? ज्या दोघी अंगणात गेल्या, त्यांतल्या एकीच्या गळ्यात मोत्यांचा सर होता. मोती झाडाला लागत नाही. माझ्या स्वतःच्या कपाटात नऊ रेशमी साड्या आहेत; कोष उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आतला जीव कुठे जातो, हे ठाऊक असून मी त्या नेसले आहे. त्या हिंसेला वास येत नाही, म्हणून ती आपल्याला सोसते.

आणि कोळ्यांना संयम माहीतच नाही असं समजू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात न्यायला सरकारी बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नव्या हंगामाला सुरुवात होते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती जास्त म्हणून आपले साधू चातुर्मासात एका जागी राहतात. हेतू वेगळा आहे, मान्य. त्यांचं पोट त्यावर आहे. पण दोन महिने कमाई थांबवणाऱ्या गावाला, आठ दिवस हिरवी भाजी सोडून वर्षभर सांगत फिरणाऱ्या आपण काय शिकवणार?

कोळीवाडा नसलेला किनारा मागणं म्हणजे सोलापुरात येऊन माग बंद करा म्हणण्यासारखं आहे. पूर्व भागातल्या मागांची खडखड आपल्या पाहुण्यांना सोसते, चादरी मात्र हव्या असतात. हर्णैला वाळूवर लिलाव चालतो, समोर सुवर्णदुर्ग उभा आहे, ते गावच मुळी मासळीचं. वास सोसत नसेल तर लिलावाच्या वेळी तिकडे जाऊ नये. माझ्या जाऊबाई तेवढा वेळ खोलीत सामायिक करत बसल्या. कुणाला काही उचलायला लावलं नाही.

यंदा दिवाळीत मी पुन्हा हर्णैलाच जाणार आहे, गट कुठेही गेला तरी. वहिनींना फोन करून झाला. बादली न्यायची नाही, असं नातवाला आत्ताच सांगितलं. तो रुसला आहे. त्या शेजारच्या अंगणातही जाईन. बाईंना काय म्हणायचं, ते अजून जुळत नाही.