'वन-ऑफ' म्हणजे काय रे भाऊ?

ग्लासगोत राहायला आलं की एक शब्द सारखा कानावर पडतो : 'वन-ऑफ'. म्हणजे एकमेव, तसा दुसरा नाही. एखाद्या माणसाला 'वन-ऑफ' म्हटलं की कौतुक झालं, आपण पुलंबद्दल बोलतो तसं.

गंमत म्हणजे हा शब्द साहित्यिकांचा नाही, कारखान्यातला आहे. ब्रिटिश ड्रॉइंगवर एखाद्या भागाचे किती नग हवेत ते '२० ऑफ', '५० ऑफ' असं लिहायची पद्धत. एकच हवा असेल तर '१ ऑफ'. वर्कशॉपला कागद देताना मीही असंच लिहितो.

ग्लासगोचा सगळ्यात प्रसिद्ध वन-ऑफ म्हणजे चार्ल्स रेनी मॅकिंटॉशची स्कूल ऑफ आर्टची इमारत. १८९७ ते १९०९ या काळात दोन टप्प्यांत बांधलेली. २३ मे २०१४ ला तळघरात फोमच्या डब्यातला गॅस प्रोजेक्टरच्या तापलेल्या भागाशी पेटला. हवा खेळवायच्या जुन्या पोकळ्यांतून आग वर चढली आणि ते अप्रतिम लाकडी ग्रंथालय जळालं. दुरुस्ती चालू असतानाच, १५ जून २०१८ च्या रात्री पुन्हा आग! या वेळी जवळजवळ सगळंच गेलं. कारण काय, ते २०२२ च्या अहवालातही ठरवता आलं नाही.

आता या शब्दाचा दुसरा उपयोग बघा. अपघात झाला की इथले साहेब लोक म्हणतात, "इट वॉज अ वन-ऑफ". म्हणजे झालं ते झालं, पुन्हा होणार नाही, काळजी नसावी. मला हा उपयोग मुळीच पटत नाही. ड्रॉइंगवरचा '१' कुणीतरी आधी ठरवून लिहिलेला असतो. अपघातापुढे तो '१' कोण लिहिणार? मोजणी संपायच्या आधीच उत्तर सांगण्यासारखं आहे हे.

आपल्याकडे यालाच 'अपवादात्मक घटना' म्हणतात. २०२१ सालच घ्या. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळं गेली. मार्चमध्ये भांडुप, एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये तेव्हाचं अहमदनगर. सगळी रुग्णालयंच. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक आग अपवाद वाटते. एका कागदावर मांडली की निदान '४ ऑफ' लिहावं लागतं.

तेव्हा इमारतीला, माणसाला खुशाल वन-ऑफ म्हणा. आगीला मात्र नको.