शेतकऱ्याला कधी विचारणार?

पाहुणे जेवायला येणार असले, की विदर्भातली गृहिणी वाण्याला हमखास सांगते, ‘एचएमटी द्या हो, बारीक तांदूळ!’ पण हा तांदूळ कोणी शोधला, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, ‘असेल कोणी शास्त्रज्ञ!’

तो शोधला चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. दुसरा एखादा असता तर त्याने त्या इतर पिकाबरोबर कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत राहिले. बियाणे शेजाऱ्यांना दिले, गावोगाव पसरले. १९९०च्या सुमारास एका व्यापाऱ्याने त्याला त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने या वाणाचे शुद्धीकरण करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केला आणि मूळ श्रेय कोणाचे, हा वाद सुरू झाला. पुढे दादाजींना पुरस्कार मिळाले, देशभर नावही झाले. पण २०१८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा घरात उपचारांच्या पैशांचीही चणचण होती.

ही एका माणसाचीच करुण कहाणी आहे का? नाही. प्रश्न आपल्या सवयीचा आहे. नवे तंत्र प्रयोगशाळेत जन्मते, अधिकारी ते गावात आणतो आणि शेतकऱ्याने मान डोलवायची, असेच आपण धरून चाललो आहोत. त्याने ते वापरले नाही, तर त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो.

पण संशोधन केंद्राच्या शेताला वेळेवर पाणी मिळते, खत मिळते. डोंगरउतारावरच्या मुरमाड तुकड्याला काय मिळते? तिथे जास्त उत्पन्नापेक्षा लवकर हाती येणारे पीक मोलाचे असते, कारण घरातले धान्य संपलेले असते. शिवाय भात शिजल्यावर कसा होतो, गुरांना पेंढा किती मिळतो, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. तिला मात्र कोणीच विचारत नाही.

विचारले तर काय होते, हेही दिसून आले आहे. १९९०च्या दशकात गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशच्या आदिवासी भागात काही संशोधकांनी शेतकऱ्यांना वेगवेगळ्या भाताची बियाणी दिली आणि सांगितले, ‘तुमच्याच शेतात, तुमच्या वाणाशेजारी, तुमच्याच पद्धतीने पेरा आणि तुम्हीच निवडा.’ शेतकऱ्यांनी ‘कलिंग ३’ हा लवकर तयार होणारा वाण उचलून धरला. मात्र ते पीक लोळते, हा त्याचा दोषही दाखवून दिला. मग ‘कलिंग ३’ आणि ‘आयआर ६४’ यांच्या संकरातून, शेतकऱ्यांना बरोबर घेऊन ‘अशोका’ वाण तयार झाले. शास्त्रज्ञाचे ज्ञान वाया गेले नाही, उलट ते कामी आले.

२००१च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा आणि बियाणे राखण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क दिला आहे. चांगले झाले. पण नोंदणीच्या कागदपत्रांसाठी तालुक्याला खेटे घालणे दीड एकरवाल्याला परवडते का? कृषी खात्याने आणि विद्यापीठांनीच त्याच्या बांधावर जायला हवे, आणि जाताना फक्त पत्रके नव्हे, तर प्रश्नही बरोबर न्यायला हवेत.

आपणही एवढे करू शकतो. पानात एचएमटीचा भात वाढताना मुलांना सांगावे, की हा तांदूळ तिसरी शिकलेल्या एका शेतकऱ्याच्या नजरेने शोधला आहे. अडाणी कोण, हे मग त्यांचे त्यांनाच कळेल.